व्हॉइड म्हणजे ‘काही झालंच नाही’ असं नव्हे

हिंदू विवाह कायद्याच्या कलम ११ खाली ‘व्हॉइड’, म्हणजे शून्य, ठरलेल्या लग्नातल्या जोडीदाराला त्याच कायद्याच्या कलम २५ खाली कायम पोटगी मागता येते का? १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला ‘येते’ असं उत्तर दिलं. न्या. अभय ओक, न्या. अहसानुद्दीन अमानुल्ला आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांचं हे पीठ होतं. निकालावर वाद होणं साहजिक होतं, पण तो ज्या पद्धतीने चालला आहे त्याचं वाईट वाटतं. एक बाजू विचारते, लग्नच शून्य असेल तर बायको कुठली आणि पोटगी कसली? दुसरी बाजू म्हणते, कायदा कोरडा असतो, पण न्यायालयाने माणुसकी दाखवली. वरवर या बाजू एकमेकींच्या विरोधात दिसतात. प्रत्यक्षात दोघींनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे, की व्हॉइड म्हणजे निखळ पोकळी, जिच्यातून कायद्याने काहीच निघू शकत नाही. मग पहिली बाजू निकालाला चूक ठरवते आणि दुसरी त्याला मेहेरबानी ठरवते. पोटगी ही मेहेरबानी ठरली की ती मागणाऱ्या बाईचा हक्क तिथेच संपतो, याचा विचार तिचे पाठीराखेही करत नाहीत.

माझं म्हणणं असं आहे. कायद्यातला ‘व्हॉइड’ हा शब्द कधीच एकटा उभा राहत नाही. कशापुरतं व्हॉइड, कोणाविरुद्ध व्हॉइड आणि कधीपासून व्हॉइड, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. शब्दाचा इतिहास हेच सांगतो, राज्यघटनेवरचे निकाल हेच सांगतात, आणि सगळ्यात ठळकपणे हे सांगतो तो आपला फौजदारी कायदा.

आधी शब्दाकडे पाहू. इंग्रजीत ‘व्हॉइड’ आला तो नॉर्मन राजवटीनंतर रुजलेल्या फ्रेंचमधून, साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात. जुन्या फ्रेंचमधल्या ‘व्हुइत’ किंवा ‘व्हॉइद’ या रूपांमागे बोली लॅटिनमधलं ‘व्होकितुस’ असं रूप मानलं जातं, आणि त्याच्यामागे ‘व्हाकारे’, म्हणजे रिकामं असणं, मोकळं असणं. व्हेकंट, व्हॅक्यूम आणि कोर्टाची व्हेकेशन हे सगळे त्याच घराण्यातले. एकोणिसाव्या शतकातले काही कोशकार ‘व्हॉइड’ची नाळ लॅटिन ‘व्हिदुअस’शी जोडत. या ‘व्हिदुअस’चं आपल्या ‘विधवा’शी खरोखर नातं आहे. ती व्युत्पत्ती आता मागे पडली असली, तरी एका बाईच्या हक्कावरून पेटलेल्या वादात ती आठवल्याशिवाय राहत नाही. मुद्द्याची गोष्ट ही, की इंग्रजीत हा शब्द सुरुवातीला वापरला जाई तो रिक्त झालेल्या जागेसाठी: बिशपचं पद व्हॉइड आहे, म्हणजे पद आहे, त्यावर आज कोणी नाही. ‘अव्हॉइड’चा मूळ अर्थही ‘टाळणं’ नव्हता. आधीचा अर्थ रिकामं करणं, आणि कायद्याच्या भाषेत करार मोडीत काढणं. वकील आजही ‘करार अव्हॉइड केला’ असं म्हणतात ते याच जुन्या अर्थाने, आणि ‘व्हॉइडेबल’ म्हणजे असा मोडीत काढता येण्याजोगा. तेव्हा ‘मुळात अस्तित्वातच नसणं’ हा अर्थ या शब्दाच्या गाभ्यात नाही. त्याच्या गाभ्यात एक जागा आहे, आणि त्या जागी जे असायला हवं होतं त्याचा अभाव आहे.

इतर क्षेत्रांनी हा अर्थ नीट सांभाळला आहे. माती परीक्षणाच्या अहवालात ‘व्हॉइड रेशो’ असतो, म्हणजे मातीतल्या पोकळ्यांचं घनफळ भागिले घन कणांचं घनफळ. मऊ चिकणमातीत तो एकाच्या वर जातो, म्हणजे कणांपेक्षा पोकळ्या जास्त. या पोकळ्यांत हवा असते, पाणी असतं, त्या पाण्याला दाब असतो, आणि इमारतीचा पाया खचणार की नाही हे बऱ्याच अंशी तिथेच ठरतं. ‘व्हॉइड आहे म्हणजे तिथे काही नाही’ असं म्हणणाऱ्या अभियंत्याला कोणी नकाशावर सही करू देणार नाही. किंवा रद्द केलेला चेक घ्या. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी माणसांना पगार खात्यात जमा व्हावा म्हणून नोकरीच्या ठिकाणी ‘व्हॉइड’ लिहिलेला चेक द्यावा लागतो. इथे आपण दोन तिरक्या रेघा मारून ‘कॅन्सल्ड’ लिहितो. पैसे काढण्यापुरता तो कागद मेला. खातं कोणाचं, शाखा कोणती, आयएफएससी कोड काय, याचा पुरावा म्हणून तो जिवंत आहे, किंबहुना त्यासाठीच मागवला जातो. चेक रद्द आहे म्हणून खातंच नाही, असा निष्कर्ष कुठली बँक काढते?

आता फौजदारी कायदा पाहू, कारण पोटगीला विरोध करणाऱ्यांचं तर्कशास्त्र इथे पार कोसळतं. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम ४९४, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८२. नवरा किंवा बायको हयात असताना, आणि ते लग्न ज्या कारणाने व्हॉइड ठरतं अशा परिस्थितीत, जो दुसरं लग्न करील त्याला सात वर्षांपर्यंत कैद. पहिलं लग्न लपवून केलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. ‘व्हॉइड’ हा शब्द गुन्ह्याच्या व्याख्येतच बसवलेला आहे. व्हॉइड लग्न म्हणजे ‘काहीच घडलं नाही’ असेल, तर ही सात वर्षं कशासाठी? जे घडलंच नाही त्याची शिक्षा कोण भोगतो? इतकंच नाही, १९६५ साली महाराष्ट्रातून वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसरं लग्न विधिपूर्वक लागल्याचं सिद्ध झालं पाहिजे, नाहीतर हा गुन्हा होत नाही. त्या खटल्यात लग्न गांधर्व पद्धतीने झाल्याचं सांगितलं गेलं, आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत आणि आरोपी सुटले. याचा व्यवहारातला अर्थ पहिल्या बायकोला चांगला ठाऊक असतो. जिला लग्नाला बोलावलंच नव्हतं तिने होम झाला, सप्तपदी झाली, हे सिद्ध करायचं. भटजी साक्षीला येत नाहीत, पत्रिका छापलेली नसते, फोटोत हार दिसतात पण सात पावलं दिसत नाहीत. म्हणजे नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं तर त्या व्हॉइड लग्नाचा एकेक विधी खरा लागतो, आणि त्याच नवऱ्याकडून पोटगी मागायची वेळ आली की तेच लग्न हवेत विरून जातं. हा सोयीचा अर्थ कोणाच्या सोयीचा आहे?

ही विसंगती जुनी आहे. इंग्लंडचा आठवा हेन्री आणि ॲन बोलीन यांचं लग्न १७ मे १५३६ रोजी शून्य ठरवण्यात आलं, आणि १९ मे रोजी ॲनचा शिरच्छेद झाला. तिच्यावरचा मुख्य आरोप व्यभिचाराचा होता. ती कधी राजाची पत्नी नव्हतीच, तर व्यभिचार कोणाशी केलेल्या प्रतारणेमुळे झाला? उत्तर देण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण दोन्ही निर्णय एकाच माणसाच्या सोयीसाठी होते. आधीची राणी कॅथरीन हिचं १५०९ मध्ये झालेलं लग्नही १५३३ मध्ये असंच पुसण्यात आलं होतं. पण पुसलं काय गेलं? मेरी आणि एलिझाबेथ या दोन्ही मुली अनौरस ठरल्या, आणि तरी १५४३-४४ च्या वारसा कायद्याने त्यांना औरस न ठरवताच गादीच्या क्रमात परत बसवलं. एक १५५३ मध्ये राणी झाली, दुसरी १५५८ मध्ये. दोन शून्य ठरवलेल्या लग्नांच्या लेकींनी मिळून इंग्लंडवर जवळपास पन्नास वर्षं राज्य केलं. राजसत्तेला गरज पडली तेव्हा ‘शून्य’ कशापुरतं, हा प्रश्न विचारायला तिथल्या संसदेला अडचण आली नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो थेट राज्यघटनेच्या निमित्ताने. अनुच्छेद १३(१) म्हणतो, घटनेपूर्वीचे जे कायदे मूलभूत हक्कांशी विसंगत असतील ते त्या विसंगतीपुरते व्हॉइड. मुंबईतल्या एका प्रकाशनसंस्थेच्या चिटणीसांवर १९४९ मध्ये छापलेल्या पुस्तिकेवरून १९३१ च्या प्रेस कायद्याखाली खटला चालू होता. मध्येच २६ जानेवारी १९५० उजाडला. कायदा व्हॉइड झाला, मग खटला उरतो का? १९५१ मध्ये बहुमताने उत्तर दिलं की व्हॉइड याचा अर्थ कायदा पुस्तकातून मुळासकट उपटला असा होत नाही. घटनेच्या तारखेपासून पुढे, मूलभूत हक्कांच्या वापरापुरता तो निष्प्रभ होतो, आणि आधी सुरू झालेली कारवाई टिकते. न्या. फझल अली यांनी याला जोरदार विरोध केला आणि हक्कांच्या दृष्टीने त्यांचाच मुद्दा मला अधिक पटतो. पण दोन्ही मतं वाद घालत होती ती ‘कधीपासून’ आणि ‘कशापुरतं’ यावरच. १९५५ मध्ये तर न्यायालयाने आपल्या माणसांना लगेच कळेल असा शब्द वापरला, ग्रहण. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या १९४७ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने प्रवासी वाहतुकीची मक्तेदारी सरकारला घेता येत होती. घटना आल्यावर तो व्यवसायस्वातंत्र्याच्या आड आला, म्हणजे व्हॉइड झाला. पुढे पहिल्या घटनादुरुस्तीने १८ जून १९५१ रोजी अडथळा दूर केला, आणि न्यायालय म्हणालं, कायदा मेला नव्हता, ग्रहणात होता. छाया सरली, तो पुन्हा दिसू लागला.

इथे प्रामाणिकपणे एक कबुली द्यायला हवी. कायद्यात निखळ व्हॉइडही असतं. घटनेनंतर केलेला आणि मूलभूत हक्क मोडणारा कायदा जन्मतःच मृत, असं १९५९ मध्ये ठरलं. त्याहून जुनं आणि विधीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असलेलं उदाहरण १९०३ चं आहे. कलकत्त्याच्या एका अल्पवयीन मुलाने २०,००० रुपयांचं गहाणखत करून दिलं होतं. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपील न्यायालयाने, ठरवलं की अल्पवयीनाचा करार मुळापासून व्हॉइड आहे आणि त्याला मिळालेले पैसे परत करायलाही लावता येणार नाही. करार कायद्याचं कलम ६५ व्हॉइड करारातून झालेला लाभ परत करायला लावतं, पण ते कलमही इथे लागू झालं नाही. विरोधकांचा सगळ्यात बळकट दाखला हाच आहे. पण त्याच्याकडे नीट पाहा. ती पोकळी कोणाच्या रक्षणासाठी होती? ज्याला व्यवहार कळत नाही त्या दुबळ्या पक्षाच्या. सावकाराला माहीत होतं, मुलाला कळत नव्हतं, म्हणून व्हॉइडचा पूर्ण भार सावकारावर पडला. आणि ही पोकळीसुद्धा कायद्याला अति वाटली, म्हणून १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३३ मध्ये अशा प्रतिवादीला मिळालेल्या लाभापुरती परतफेड करायला लावायची मुभा न्यायालयाला देण्यात आली. दुसऱ्या लग्नाच्या खटल्यात हे सगळं उलटं होतं. तिथे ‘लग्न व्हॉइड आहे’ हा बचाव घेऊन उभा असतो तो नवरा, ज्याने पहिलं लग्न लपवलं. ‘मी फसवलं, म्हणून मला देणं लागू होत नाही’, त्याच्या लेखी निवेदनाचा सरळ अर्थ एवढाच असतो.

दुसऱ्या बाईचा हक्क ही आधुनिक न्यायालयांची टूम आहे, असाही सूर ऐकू येतो. इतिहास याच्या अगदी उलट आहे. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाचं दुसरं लग्न १९४६ च्या कायद्यापर्यंत वैध होतं. दुसरी बायको ही पूर्ण बायको होती, तिला पोटगीही होती आणि वारसाही. लग्नाविना एकनिष्ठ राहिलेल्या ‘अवरुद्ध स्त्री’लासुद्धा, संबंध त्या पुरुषाच्या मरणापर्यंत टिकला असेल तर, त्याच्या मालमत्तेतून निर्वाह मिळे, मुंबईतल्याच एका दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२६ मध्ये ते मान्य केलं. मग १९४६ चा द्विभार्याप्रतिबंधक कायदा आला, १९५१ मध्ये न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी तो उचलून धरला, १९५५ मध्ये हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व देशभर नेलं. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या आश्रितांच्या यादीत अवरुद्ध स्त्री उरली नाही. ही सुधारणा हवीच होती, याबद्दल दुमत नाही. पण तिची किंमत कोणी मोजली? पुरुषांनी दुसरी लग्नं करणं थांबवलं नाही. बदललं ते एवढंच की पूर्वी दुसरीला खायला घालावं लागे, आता लागेनासं झालं. बंदी पुरुषावर होती आणि तिचा भार बाईवर पडला. जुनी परंपरा सांगून पोटगी नाकारणाऱ्यांनी ती परंपरा पुरती वाचलेली नाही.

न्यायालयांनीही हा भार अनेक वर्षं वाढवलाच. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या निर्वाहाबद्दलच्या कलम १२५ मधली ‘पत्नी’ म्हणजे कायदेशीर पत्नीच, असं १९८८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरलं, आणि ज्या बाईला पहिल्या लग्नाचा पत्ताही नव्हता तिचे हात रिकामे राहिले. २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने अशा बाईसाठी ‘अनौरस पत्नी’, ‘एकनिष्ठ रखेल’ असे शब्द वापरले. २०२५ च्या निकालाने त्या शब्दांवर थेट बोट ठेवलं: अशी विशेषणं अनुच्छेद २१ मधल्या प्रतिष्ठेच्या हक्कावर घाव घालतात, आणि व्हॉइड लग्नातल्या पुरुषासाठी असा कुठला शब्द वापरल्याचं दिसत नाही. मधल्या काळात वाट थोडी रुंदावली होती. २००५ मध्ये कलम २५ खालची पोटगी मान्य झाली. २०१३ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातल्या प्रकरणात, फसवणाऱ्या नवऱ्याला आपल्याच लबाडीचा फायदा कलम १२५ मध्येही घेता येणार नाही असं सांगण्यात आलं. तेव्हा २०२५ चा निकाल आभाळातून पडलेला नाही. परस्परविरोधी निकालांचा जो गुंता झाला होता तो त्याने कलम २४ (दावा चालू असतानाची पोटगी) आणि २५ पुरता सोडवला. कलम २५ चे शब्द ‘कोणताही हुकूमनामा देताना किंवा त्यानंतर केव्हाही’ असे आहेत, आणि कलम ११ खालचा हुकूमनामा हाही त्या कायद्याखालचा हुकूमनामाच आहे. दया शोधायची गरज नाही, वाचायची गरज आहे.

आता कायद्याच्या अभ्यासकांचा आक्षेप. व्हॉइड लग्नालाही परिणाम जोडले, तर कलम ११ आणि कलम १२, म्हणजे व्हॉइड आणि व्हॉइडेबल, यांत फरक काय राहिला? फरक भरपूर राहतो. कलम ११ मध्ये तीनच कारणं आहेत: जोडीदार हयात असणं, निषिद्ध नातं आणि सपिंड नातं. तिथे हुकूमनाम्याची वाट पाहावी लागत नाही; कोणत्याही दाव्यात, कोणीही, ते लग्न व्हॉइड असल्याचं दाखवू शकतो. कलम १२ मधलं लग्न, उदाहरणार्थ बळजबरीने किंवा फसवून संमती घेतलेलं, न्यायालय मोडीत काढेपर्यंत पूर्ण वैध असतं, ते फक्त त्या दोघांपैकी एकालाच मोडता येतं, आणि तेही बळजबरी संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच. नवरा अर्जाआधी वारला तर व्हॉइडेबल लग्नातली बाई विधवा म्हणून वारस होते, व्हॉइड लग्नातली होत नाही. सरकारी नोकराच्या कुटुंब निवृत्तिवेतनात मुलांना वाटा आणि दुसऱ्या बाईला नाही, हा २००० सालच्या निकालातला फरकही तसाच आहे. म्हणजे पत्नीचा दर्जा आणि वारसा यापुरतं व्हॉइड, निर्वाहापुरतं नाही, मुलांपुरतं तर नाहीच. १९५५ च्या मूळ कलम १६ मध्ये आईबापांपैकी कोणी न्यायालयात जाऊन लग्न रद्द करून घेतलं तरच मूल औरस, नाहीतर अनौरस, अशी विचित्र तरतूद होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती काढली, आणि आता हुकूमनामा असो वा नसो, मूल औरसच.

सगळ्यात गंभीर आक्षेप पहिल्या बायकोचा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. तिने काय करायचं? तिच्या आणि तिच्या मुलांच्या घासातला घास जाणार. या भीतीचं माप आकड्यांत काढलं पाहिजे, कारण गावोगाव ‘दुसरीची मुलं अर्धी जमीन नेणार’ असं सांगून भांडणं लावली जातात. समजा १२ एकर वडिलोपार्जित जमीन आहे. कुटुंबात बाप, पहिली बायको, तिचा एक मुलगा, एक मुलगी. शिवाय व्हॉइड लग्नाचं एक मूल. बाप ९ सप्टेंबर २००५ नंतर, म्हणजे मुलीलाही मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती लागू झाल्यावर, मृत्युपत्र न करता वारला. १ सप्टेंबर २०२३ च्या तीन न्यायमूर्तींच्या निकालाप्रमाणे हिशेब दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा: मृत्यूच्या क्षणाआधी वाटप झालं असं मानायचं. हिंदू कायद्याच्या मुंबई शाखेत पत्नीलाही मुलाइतका हिस्सा, हे १९७८ मध्ये न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी पक्कं केलं होतं. २०२३ चा निकाल त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाचा. तेव्हा बाप, पहिली बायको, मुलगा, मुलगी यांना प्रत्येकी ३ एकर. व्हॉइड लग्नाचं मूल इथे हिस्सेदार नाही, कारण कलम १६(३) त्याला आईबापाखेरीज कोणाच्याही मालमत्तेत हक्क देत नाही. दुसरा टप्पा: बापाचे ३ एकर, म्हणजे १२० गुंठे, त्याच्या वारसांत. पहिली बायको, मुलगा, मुलगी आणि ते मूल, चौघांना प्रत्येकी ३० गुंठे. दुसऱ्या बाईला शून्य. पहिल्या कुटुंबाकडे एकूण ११ एकर १० गुंठे राहतात, आणि त्या मुलामुळे तिघांपैकी प्रत्येकाचे १० गुंठे कमी होतात. ‘अर्धी जमीन’ कुठे आणि १२ एकरांतले ३० गुंठे कुठे? घोटाळा होतो तो वारस नोंदीच्या वेळी. तलाठ्याकडे दिलेल्या वारसांच्या यादीतून ते मूल गाळलं जातं किंवा त्याला पहिल्या टप्प्यातच बसवलं जातं. फेरफार तसाच मंजूर होतो, आणि मग दिवाणी दाव्यात उरलेलं आयुष्य जातं.

पोटगीतही पहिलीचं स्थान सुरक्षित ठेवता येतं. कलम २५ ही स्वयंचलित रक्कम नाही. दोघांची मिळकत, मालमत्ता, वर्तन आणि इतर परिस्थिती पाहून न्यायालय आकडा ठरवतं, आणि पहिलं कुटुंब ही ‘इतर परिस्थिती’ आहेच. वर्तनाचा निकष दुसऱ्या एका रास्त आक्षेपालाही उत्तर देतो: सगळं ठाऊक असून लग्नाला उभी राहिलेली बाई आणि फसवली गेलेली बाई सारख्या नाहीत. नाहीतच. १८०४ च्या फ्रेंच नागरी संहितेने हे दोन कलमांत सांगितलं होतं. लग्न शून्य ठरलं तरी सद्‌भावनेने केलेलं असेल तर त्याचे नागरी परिणाम पती-पत्नी आणि मुलं दोघांनाही लागू; एकाचीच सद्‌भावना असेल तर परिणाम त्याच्या आणि मुलांच्याच बाजूने. ही कल्पना मध्ययुगीन चर्चच्या कायद्यातून आली आहे. लग्नाच्या पावित्र्याबद्दल चर्चने कधी ढिलाई केली असं कोणी म्हणणार नाही, आणि तरी त्यालाही ही वाट काढावी लागली. आपल्याकडे ही गोष्ट न्यायाधीशाच्या विवेकावर सोडली आहे, आणि माझी निकालाबद्दलची खरी तक्रार तीच आहे. एका जिल्ह्यात वर्तन म्हणजे फसवणूक लपवली का हे पाहतील, दुसऱ्यात बाईच्या चारित्र्याची चौकशी होईल. सद्‌भावना हाच निकष कायद्यात शब्दांनी लिहिला पाहिजे. शिवाय कलम १२५ च्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये ‘पत्नी’ची जुनीच व्याख्या उतरवून घेतली आहे. व्हॉइड लग्नातल्या बाईचा तिथे स्पष्ट उल्लेख नाही, म्हणून तिची केस त्या दिवशी कुठला निकाल पुढे येतो यावर लटकते.

आणि पहिल्या बायकोबद्दल खरी कळकळ असेल तर तिची अडवणूक जिथे होते तिथे लढावं. कलम ११ खाली अर्ज करता येतो तो फक्त त्या व्हॉइड लग्नातल्या दोघांपैकी एकाला. ज्या बाईचा संसार त्या लग्नाने मोडला तिला नवऱ्याचं दुसरं लग्न व्हॉइड ठरवून मागायला या कलमात जागाच नाही. तिला कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ खाली किंवा दिवाणी न्यायालयात वेगळा घोषणेचा दावा लावावा लागतो, आणि फौजदारी बाजूला सप्तपदीच्या पुराव्याची ती दमछाक आहेच. १९५५ पासून कायदा असाच आहे. कलम ११ मध्ये ‘किंवा पूर्वीच्या विवाहातील पती अथवा पत्नी’ एवढे शब्द घातले तर ती स्वतः न्यायालयात उभी राहील, आणि त्याच अर्जात तिची पोटगी, दुसरीची सद्‌भावना आणि मुलांचे वाटे एकत्र ठरवता येतील.